त्राटिकेचा चार बोटं लांब घागरा

मी अनीस टेलर. जव्हारच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान आहे. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत माझ्यासारखं माप घेणारा दुसरा नाही, असं मी १९९८च्या फेब्रुवारीपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. कोणी विचारलेलं नसायचं. पोस्टमन पत्र टाकायला आला तरी त्याला सांगायचो. शेवटी शेवटी तो माझी पत्रं शेजारच्या किराणा दुकानात देऊन पळायला लागला.

त्या फेब्रुवारीत काय झालं ते सांगतो. माझी बायको नूरुन्निसा सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणते, सांगून टाका, मन हलकं होईल. तिला माझ्या मनाची काही पडलेली नाही. तिला ही गोष्ट ऐकायला आवडते, बस.

ईद नुकतीच झाली होती. महिनाभर मशीन मारून माझ्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या, आणि मी दुकानात पाय पसरून बसलो होतो. तेवढ्यात उंबरपाड्याचा जिव्या आला. मोखाड्याच्या रस्त्यावर जीपमधून उतरून आत तासभर चालत गेलं की उंबरपाडा. तिथे जिव्याची भाताची आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, शेती. खांदे दाराएवढे, पण आवाज इतका बारीक की मशीन थांबवल्याशिवाय तो काय म्हणतो ते कळत नाही. त्याने काखेतलं गाठोडं सोडून कसरीने खाल्लेला एक लाल घागरा माझ्यापुढे ठेवला.

"त्राटिकेचा हाय, मास्तर. असाच नवा पायजे."

होळीनंतर त्यांच्याकडे गावदेवीचा बोहाडा असतो. देवांची, राक्षसांची सोंगं मोठाले लाकडी मुखवटे घालून संबळाच्या ठेक्यावर नाचत येतात. कुठलं सोंग कुठल्या घराने नाचवायचं हे वाडवडिलांपासून ठरलेलं. जिव्याच्या घरात त्राटिका राक्षसीण. त्याच्या बापाने ती एकतीस वर्षं नाचवली. आदल्या वर्षी, बोहाड्याच्या तोंडावर, बाप गेला. घरात सुतक, म्हणून त्राटिका निघाली नाही. आणि उंबरपाड्याचा नियम असा की लागोपाठ दोन वर्षं सोंग निघालं नाही, तर ते त्या घरातून उठतं आणि भाऊबंदांत दुसऱ्याकडे जातं. ते मग परत येत नाही.

"औंदा निघालीच पायजे," जिव्या म्हणाला. "बापाने मरताना येवढाच मागितला."

मी जुना घागरा उचलला, त्याच्या कमरेला लावून पाहिला आणि हसलो. "हा कोणी शिवला रे? चार बोटं तोकडा आहे!"

"तुमच्या अब्बांनी."

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. मी म्हणालो, "अब्बांची नजर तेव्हाच गेली असणार."

"बापाला बरोबर व्हायचा तो," जिव्या हळूच म्हणाला.

"अरे, तुझ्या बापाला सांगायला संकोच वाटला असेल. तुम्ही लोक तोंडाने बोलत नाही ना!"

हे वाक्य मी बोललो. माझ्याच तोंडाने. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी टेप काढली. आता टेलरपुढे माणूस कधी खरा उभा राहत नाही. पोट आत घेतो, छाती काढतो, फोटो काढायला आल्यासारखा श्वास रोखतो. जिव्याही तसाच ताठ उभा राहिला. कमरेपासून घोट्यापर्यंत एकेचाळीस इंच. मी वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि अब्बांचा घागरा पुसायच्या फडक्यांत टाकला.

आठ तारखेला, रविवारी, मी घागरा घेऊन स्वतः उंबरपाड्याला गेलो. तसं जायची गरज नव्हती. पण माझं शिवणकाम लोकांनी पाहावं आणि मी त्यांना पाहताना पाहावं, अशी हौस होती. अब्बासुद्धा बोहाड्याच्या कपड्यांची मापं घ्यायला पाड्यावर जायचे. मला वाटायचं, गरम नागलीच्या भाकरीसाठी जातात.

जिव्याच्या अंगणात पंधरा-वीस माणसं जमली. त्याची बायको गौराबाई ओट्यावर उभी होती. त्याचा चुलतभाऊ काळ्याही होता. काळ्याच्या घराला एकही सोंग नव्हतं. लहानपणापासून तो दुसऱ्यांच्या सोंगांपुढे टेंभा धरत आलेला. त्राटिका उठली असती तर त्याच्याकडेच आली असती.

जिव्याने घागरा नेसला. मग दोघांनी मुखवटा उचलून त्याच्या डोक्यावर बसवला. एकाच लाकडातून कोरलेला, पुढे लांब जीभ, बाहेर आलेले डोळे, वर मुकुट. सात-आठ किलो सहज असेल. तो मानेवर आणि पाठीवर आवळून बांधला. आतल्या माणसाला मुखवट्याच्या तोंडाच्या फटीतून जेवढं दिसेल तेवढंच. संबळ सुरू झाला. जिव्या तीन पावलं नाचला आणि थांबला. त्राटिकेचं तोंड माझ्याकडे वळलं. तशीच उभी राहिली ती, माझ्याकडे बघत.

"नाच की रे!" मी ओरडलो. "दोन तालुक्यांत असा घेर बघायला मिळणार नाही कोणाला! लाजतोस काय?"

तो नाचायला लागला. चौथ्या गिरकीला पाय घागऱ्याच्या काठावर पडला, घोटा आतल्या बाजूला वळला, आणि कट् असा आवाज आला. सुकी काटकी मोडावी तसा. त्राटिका मुकुटासकट जमिनीवर.

सगळे धावले. कोणीतरी विचारलं, कसं झालं. मी सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणालो, "जमीन उंचसखल आहे."

गौराबाईने माझ्याकडे पाहिलं. "अंगण कालच चोपून सारवलाय, मास्तर."

"मग मुखवट्यातून दिसलं नसेल."

मागून काळ्या म्हणाला, "एकतीस वर्षं त्याच मुखवट्यातून दिसत होता. देवीला जिव्या मान्य नाय. बापाच्या कार्यात काय तरी राहिला असंल." मी त्याला खोडून काढलं नाही. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझ्या मनात घागऱ्याचा काठ आला होता. पण मनात काहीही येतं, म्हणून मी तो विचार तिथेच दाबला.

वर पुन्हा मदतीला धावलो. माझ्या पिशवीत नेहमी एक बाटली असते. लसूण, ओवा आणि निरगुडी उकळून केलेलं तेल. आमच्या घराण्याचं. मशीन मारणाऱ्यांच्या गुडघ्यांसाठी. "शीर शिरेवर चढलीय," मी निदान केलं. तेल चुलीवर कडकडीत तापवलं आणि जिव्याचा घोटा मांडीवर घेऊन चोळायला बसलो. चांगला तासभर रगडला. मध्ये एकदा पंजा धरून जोरात ओढलासुद्धा, शीर जागेवर बसावी म्हणून. जिव्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, "बघा, गुण येतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी घोट्याचं कलिंगड झालं होतं. वरून हिरवं, आतून लाल. पाड्यातल्या चौघांनी त्याला घोंगडीच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणलं आणि जीपने जव्हारला. दवाखान्याच्या दारात नूरुन्निसा भेटली. तिने पाय पाहिला, वास घेतला आणि मला म्हणाली, "मुबश्शिरचे अब्बा, हे तेल ओळखीचं वाटतंय."

मुबश्शिर आमचा मुलगा. चारचौघांत ती मला याच नावाने हाक मारते. घरी आम्ही आमच्या मिसळीच्या बोलीत बोलतो, आणि त्या बोलीत ती त्या दिवशी काय काय म्हणाली ते मी इथे सांगणार नाही.

एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी तो खिडकीकडे धरून पाहिला. हाड मोडलेलं नव्हतं. मी दोन्ही हात वर करून म्हणालो, "अल्लाचे आभार! नुसतंच मुरगळलंय!"

"नुसतंच?" नूरुन्निसा म्हणाली. "कधी कधी हाड मोडलेलं परवडतं."

मला वाटलं, ती माझ्यावरच्या रागाने बोलतेय. पण मग तिने जिव्याच्या पायाला क्रेप बँडेज बांधता बांधता नीट समजावलं. हाडाला रक्त भरपूर. मोडलं तर तिथे नवं हाडच तयार होतं आणि दीड-दोन महिन्यांत सांधतं. स्नायूलाही रक्त भरपूर, तो तर त्याहून लवकर भरून येतो. पण हाडाला हाड बांधून ठेवणारा जो बंध असतो ना, लिगामेंट, त्याला रक्त कमी. जिव्याचा बाहेरच्या बाजूचा तोच बंध अर्धा फाटलाय. तो सावकाश भरतो, आणि भरतो तोही वण येऊन. पहिल्यासारखा हुबेहूब नाही.

"मग सूज कशी उतरवायची?" मी विचारलं.

"सूज म्हणजे शरीराने कामाला लावलेली माणसं. पहिले तीन-चार दिवस फाटलेलं साफ करतात. त्यांना गार कपडा द्यायचा, पाय उशीवर वर ठेवायचा, बँडेज बांधायचं. आणि तुम्ही काय केलंत? आत रक्त वाहतंय, वरून उकळतं तेल आणि रगडा. अर्धा फाटलेला पाऊण फाडलात की काय, देव जाणे."

मी बाटली पिशवीत आणखी खाली सारली.

"सहा आठवड्यांनी बोहाडा हाय," जिव्या तिला म्हणाला. बाईमाणसापुढे तर त्याचा आवाज आणखीच बारीक झाला. "नाचता येल का, सिस्टर?"

नूरुन्निसाने बँडेजची गाठ मारली. मग तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "यांच्या भाषेत सांगते, म्हणजे यांनाही कळेल. चौथ्या दिवसापासून तीन आठवड्यांपर्यंत शरीर कच्ची टाच घालतं. दिसायला जोडलेलं, ओढलं तर उसवेल. त्यानंतर पक्की शिलाई, ती वर्षभर चालते. पण कच्च्या टाचेला अजिबात हलवलंच नाही, तर धागे कसेही, आडवेतिडवे बसतात. थोडा थोडा ताण दिला तर ताणाच्या दिशेने बसतात. म्हणून दुखेपर्यंत नाही, पण रोज हलवायचा. मी सांगेन तसं, मी सांगेन तेवढंच. असं केलंत तर सहा आठवड्यांनी पट्टी बांधून चार गिरक्या घेता येतील. उड्या नाही."

"चार बास," जिव्या म्हणाला.

ती जे सांगायची ते तो अक्षरशः करायचा. पहिला आठवडा नुसता पंजा वरखाली. मग भिंतीला पाय टेकून दाबायचं. दर रविवारी मी उंबरपाड्याला जायचो आणि नूरुन्निसाचा निरोप पोचवायचो. दुसऱ्या रविवारी सूज उतरलेली पाहून मला इतका आनंद झाला की मी म्हणालो, "चल, अंगणात चालून दाखव." गौराबाईने मुसळ खाली ठेवलं आणि मला विचारलं, "नर्सबाईंनी सांगितलाय?" मी म्हणालो, "नाही, मी सांगतोय." तिने मुसळ परत हातात घेतलं. ती भात कांडायला लागली असेल, पण मी विषय बदलला.

पण घोटा सुधारत होता तसं पाड्यातलं वातावरण बिघडत होतं. काळ्याचं बोलणं पसरलं होतं. नाचायच्या आधीच देवीने पाडला, म्हणजे देवीलाच तो नको. पाय बरा झाला तरी त्याला नाचू द्यायचा का, हे ठरवायला गावाचे म्हातारे पाटील, कान्हा पाटील, यांनी आठ मार्चला बैठक बोलावली. गौराबाईला पाणवठ्यावर बायका विचारायला लागल्या, सासऱ्याच्या दिवसाला काय चुकलं. तिने मला हे सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. नागलीची भाकरी थापत होती, आणि ती भाकरी तिने माझ्याच ताटात वाढली. मी ती खाल्ली. एवढा निर्लज्ज मी.

बैठकीच्या तीन दिवस आधी मशीन पुसायला फडकं काढलं तर हाताला अब्बांचा घागरा आला. मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. कमरेला दुहेरी दुमड, काठाला हाताने घातलेली बारीक टीप, एकतीस वर्षांत एक टाका सुटलेला नाही. असा माणूस लांबीत चार बोटं चुकेल? मी घागरा काखेत मारून दुकान बंद केलं.

घरी गेलो. नूरुन्निसा ड्यूटीवरून आली होती. मी स्वयंपाकघरातला मसाला वाटायचा पाटा उचलला, लुंगी नेसून ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "लुंगीचा काठ जमिनीपासून किती वर आहे, माप."

"बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"माप गं!"

तिने मापलं. मग मी तो पाटा डोक्यावर घेतला, दोन्ही हातांनी धरला, आणि संबळावर नाचतात तसा गुडघ्यांत वाकून, पाठ झुकवून उभा राहिलो. "आता माप."

ती खाली बसली. काठाला बोटं लावून मोजलं. मग म्हणाली, "काठ जमिनीला टेकला. खाली आलाय चार बोटं."

वजन डोक्यावर आलं की माणूस खचतो. एवढं साधं. म्हणून अब्बा पाड्यावर जायचे. मुखवटा चढवून माप घ्यायचे. भाकरी वगैरे काही नाही. आणि मी त्यांच्या शहाणपणावर हसून जिव्याच्या पायात स्वतःच्या हाताने फास शिवला होता. "या अल्ला!" म्हणून मी मान झटकली. डोक्यावर पाटा आहे हे विसरून. पाटा नूरुन्निसाने धरला म्हणून वाचला. माझी मान मात्र उजव्या खांद्याकडे वळली ती तिथेच राहिली.

रात्रभर नूरुन्निसा गरम पाण्याच्या पिशवीने शेकत होती आणि हसत होती. मी चिडून विचारलं, "त्याला गरम चालत नाही आणि मला चालतं?"

"त्याचा बंध फाटलाय. तुमचा स्नायू नुसता रुसलाय. शेकलं की तीन-चार दिवसांत बोलायला लागेल." मग ती हसायची थांबली. "तुम्ही कधी बोलणार?"

रविवारी मी तशाच वाकड्या मानेने जीपमध्ये बसलो. सगळा रस्ता शेजारच्या बाईला वाटत होतं की मी तिच्याकडेच टक लावून बघतोय. मोखाड्याच्या फाट्याआधी तिने मला दोनदा झापलं.

उंबरपाड्यात देवळापुढे माणसं बसली होती. जिव्या काठी घेऊन एका बाजूला, गौराबाई बायकांत. काळ्या उभा राहून बोलत होता. त्याचं झाल्यावर कान्हा पाटलांनी जिव्याला विचारलं, "तुझा काय म्हणणा?"

"मना काय ठाव," जिव्या म्हणाला. "देवीला पटत नसंल तर राहू दे." आणि खाली बघत बसला. मी त्याच्याकडे बघत होतो. मला सोंगाचं काही कळत नाही, पण बापाची शेवटची गोष्ट हातातून जाताना माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

मी उठलो. "पाटील, मला बोलायचंय."

"बोला की मास्तर. पन तिकडं कुठं बघताव? मी इकडं हाय."

सगळे हसले. मी पूर्ण अंगाने वळलो. बाहेर काढायला दोन शब्द पुरले असते: माप चुकलं. वीस वर्षांत हे दोन शब्द मी कधी उच्चारले नव्हते. मग सगळंच सांगून टाकलं. ताठ उभ्या माणसाचं माप, अब्बांचा घागरा, तो मी फडक्यांत टाकला ते, पाटा, चार बोटं, सगळं. "देवीने नाही पाडला. मी पाडला. आणि वर महिनाभर गप्प बसलो, कारण मला माझ्या टेपची अब्रू प्यारी होती. गौराबाई, तुमच्या हातची भाकरी खाऊन गप्प बसलो. मला माफ करा."

काळ्या म्हणाला, "मास्तर मित्राला वाचवाया बोलतंय."

"मग मुखवटा आणा," मी म्हणालो.

जिव्याने काठीवर भार देऊन नवा घागरा नेसला. काठ घोट्याशी, जमिनीपासून चांगला वर. मुखवटा चढवला, पाठ झुकली, गुडघे वाकले, आणि तो लाल काठ सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हळूहळू खाली आला आणि मातीला टेकला. कान्हा पाटील स्वतः उठून खाली बसले आणि त्यांनी आपली चार बोटं काठाला लावून पाहिली. मग त्यांनी मी आणलेला अब्बांचा घागरा लावायला सांगितला. तो मातीच्या चार बोटं वर तरंगत राहिला.

"तुमच्या अब्बांना मी वळखत होतो," पाटील मला म्हणाले. "ते कवा येवढा बोलत नसत."

मी तिथेच देवळाच्या ओट्यावर बसून नव्या घागऱ्याचा काठ उसवला आणि हाताने नव्याने शिवला, मुखवटा चढवलेल्या जिव्याच्या मापाने. वाकड्या मानेमुळे मला सुई दिसत नव्हती. गौराबाईने दिवसाउजेडी चिमणी पेटवून माझ्या गालाशी धरली. मी नको म्हणालो तर म्हणाली, "धरू द्या. आता चुकलात तर मी सोडायची नाय."

बोहाड्याला मी आणि नूरुन्निसा दोघंही गेलो. राक्षसांच्या सोंगांना पहाटेपासून उजाडेपर्यंतचा वेळ. चांगलं फटफटलं तेव्हा त्राटिका निघाली. घागऱ्याच्या आत घोट्याला नूरुन्निसाने बांधलेली पट्टी होती. तिने बजावलेलं होतं, चार गिरक्या. दुखऱ्या पायाच्या बाजूने काळ्या चालत होता, कोपराला हात देऊन. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. एक, दोन, तीन, चार. काठ जमिनीच्या चार बोटं वर फिरत राहिला. मी प्रत्येक गिरकीला श्वास रोखत होतो आणि नूरुन्निसा माझा दंड इतका घट्ट धरत होती की दोन दिवस तिथे निळं होतं. चौथ्या गिरकीनंतर त्राटिका थांबली, पाटलांनी नारळ फोडला, आणि गौराबाई पहिल्यांदा रडली. मीही रडलो. माझं रडणं तिच्याहून मोठं होतं, असं नूरुन्निसा सगळ्यांना सांगते.

नंतर जिव्या ओट्यावर बसला आणि नूरुन्निसा पट्टी सोडायला लागली. मी बाजूला बसलो. एक गोष्ट मला कित्येक दिवस टोचत होती.

"जिव्या, त्या दिवशी तीन पावलं नाचून तू थांबलास. माझ्याकडे बघत राहिलास. का रे?"

तो पायाकडे बघत राहिला. "घागरा लांब हाय, ते पयल्याच पावलाला समजला होता."

"मग बोललास का नाहीस?"

"तुम्ही सगळ्यांना सांगत होतात ना, दोन तालुक्यांत असा कोणी नाय. येवढ्या माणसांत तुम्हाला कसा बोलू?" मग थांबून म्हणाला, "वाटला, जपून नाचलो तर होईल."

नूरुन्निसाचा हात पट्टीवरच थांबला. वीस माणसांत माझा पाणउतारा होऊ नये म्हणून तो पाय मोडून घ्यायला उभा राहिला. आणि मी, त्याच्या घराला देवीचा कोप लागला असं गाव म्हणत असताना, महिनाभर टेप सांभाळत बसलो.

घोटा भरला. पावसात ठणकतो, चढ उतरताना कधीकधी दगा देतो. नूरुन्निसा म्हणते, वणाचा बंध तसाच असतो, जपून वापरायचा. त्यानंतर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारतो, कुठे घट्ट होतंय, कुठे ओढतंय, तोंडाने सांगा. सगळे म्हणतात, छान आहे मास्तर, एकदम छान. मला एकाचाही भरवसा वाटत नाही.

त्या दिवाळीला जिव्या सदरा शिवून घ्यायला आला. आठ दिवसांनी घालून पाहिला, आरशात पाहिलं, हात पुढे-मागे केले. मी मशीन थांबवलं. तो बराच वेळ घोटाळला, दाराकडे गेला, परत आला.

"मास्तर," तो म्हणाला, "बाही जरा तोकडी हाय."

मी उठलो आणि भरबाजारात त्याला मिठी मारली. खरंच तोकडी होती. अर्धा इंच.